वाईच्या जुन्या घरासाठी सिंक, बेसिन आणि नळ : निवडीबाबत सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ

वाईला आमचे जुने घर आहे. दगडी जोते, मातीत बांधलेल्या हातभर जाड भिंती, वर कौले, मागे परसू आणि आड. आई ७१ वर्षांची आहे, बाबा ७६ वर्षांचे आहेत आणि दोघेही पुढे तिथेच राहणार आहेत. यंदा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पडवीतली हात धुण्याची जागा दुरुस्त करायला घेतली आहे. मी पुण्यात असतो आणि दर शनिवारी तिकडे जातो, त्यामुळे सामान एकदाच आणि नीट विचार करून घ्यावे लागणार आहे.

सध्याची स्थिती सांगतो. ओटा काळ्या कडाप्प्याचा आहे आणि तो आम्हाला तसाच ठेवायचा आहे. त्याच्या कोपऱ्यातल्या उथळ मोरीवर जुना पितळी नळ आहे. तो बंद करायला चावी चार फेरे फिरवावी लागते. आईची बोटे सांधेदुखीने वळत नाहीत, म्हणून नळ पुरता बंद होत नाही आणि खाली दिवसभर पातेले ठेवलेले असते. पाणी उडू नये म्हणून नळाच्या तोंडाला फडके बांधलेले आहे. मला आठवते तेव्हापासून तिथे फडके आहेच.

विचार असा आहे : स्वयंपाकघरात २४ × १८ इंचांचे स्टीलचे सिंक, पडवीत ओट्यावर ठेवायचे वाडग्यासारखे गोल बेसिन आणि त्याला बहिणीने पसंत केलेला काळा नळ, न्हाणीघरात भिंतीच्या आत बसणारा डायव्हर्टर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारी चावी, आणि मोठा शॉवर. मला स्वतःला पितळी नळ आवडतात, कारण घराच्या तुळया, कड्या-कोयंडे सगळे त्याच जातीचे आहे. सगळ्या घरात एकच रंग हवा का? काळा, पितळी की क्रोम? पाण्याची टाकी परसात लोखंडी स्टँडवर आहे. तिचा तळ जमिनीपासून १४ फुटांवर आहे.

पाणक्या

तुमच्या लेखनातले शेवटचे वाक्य माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून रंगाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून मी तिथूनच सुरुवात करतो. टाकीतून उतारावर येणाऱ्या पाण्याला जो दाब मिळतो तो फक्त उंचीचा असतो. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक). टाकीचा तळ १४ फुटांवर आणि ओट्यावरच्या नळाचे तोंड ४ फुटांवर धरले तर हाती राहतात १० फूट, म्हणजे ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. शॉवर ७ फुटांवर लावलात तर तिथे ०.२ बारच उरतो. टाकी अर्धी रिकामी असेल तरी हा हिशेब फारसा बदलत नाही, कारण मी तळापासूनच मोजले आहे.

आता दुकानात एका दांडीने गरम-गार मिसळणारा जो मिक्सर मांडलेला असतो त्याच्या खोक्यावर बहुधा किमान अर्धा ते एक बार दाब मागितलेला असतो. आतल्या काडतुसातल्या (कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-मिसळणारा आतला सुटा भाग) वाटा अरुंद असतात आणि पुढे तोंडाला हवा मिसळणारी जाळी, म्हणजे एरेटर असतो. तुमच्याकडे तो नळ बसेल, सुंदर दिसेल आणि करंगळीएवढी धार देईल. मोठ्या शॉवरचेही तेच होईल. ८ इंचांच्या थाळीतून ०.२ बारवर पाऊस पडत नाही, पागोळी पडते.

खरेदीला जाण्यापूर्वी एक काम करा. सध्याच्या नळाखाली एक लिटरचे माप धरा आणि नळ पूर्ण उघडून सेकंद मोजा. सहा सेकंदांत भरले तर मिनिटाला १० लिटर येत आहेत. बारापेक्षा जास्त सेकंद लागले तर आधी पाईप तपासावे लागतील, कारण जुन्या लोखंडी पाईपांच्या आतून गंज धरून वाट निम्मी झालेली असते. नवे पाईप टाकताना टाकीपासून १ इंची आणा आणि अगदी नळाजवळच अर्ध्या इंचावर उतरा. कोपरे कमीत कमी ठेवा. प्रेशर पंपाने दाब वाढतो हे खरे, पण वीज गेली की तो थांबतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरात पाणी विजेवर अवलंबून ठेवणे मला पटत नाही.

मोजपट्टी

पाणक्या यांनी दाबाचे सांगितले, मी मापांचे सांगतो. नळ आणि बेसिन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्याने मी काय भोगले ते आधी ऐका.

आमच्या घरी १६ इंच व्यासाचे आणि ५ इंच उंच असे गोल बेसिन ओट्यावर ठेवले. मागे अडीच इंच जागा सोडून गवंड्याने नळाचे भोक पाडले. उंच अंगाचा नळ आणला. तो बेसिनच्या काठावरून व्यवस्थित वर येत होता, म्हणून आम्ही समाधानी होतो. पहिल्याच सकाळी तोंड धुताना बनियन भिजले. कारण शोधायला मोजपट्टी घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की नळाची पोहोच, म्हणजे त्याच्या मध्यापासून धार पडते तिथपर्यंतचे आडवे अंतर, फक्त ५ इंच होते. त्यातले अडीच इंच बेसिनच्या बाहेरच संपले. उरलेल्या अडीच इंचांवर बेसिनची मागची तिरकी भिंत होती आणि तळाची, पाणी वाहून जाण्याची जाळी तिथून आणखी साडेपाच इंच पुढे. धार त्या उतारावर आपटून थेट पोटावर येत होती. आरशावर रोज पांढरे ठिपके, ओट्यावर रोज तळे. शेवटी ८ इंच पोहोचेचा दुसरा नळ घ्यावा लागला आणि पहिला आजही माळ्यावर आहे.

म्हणून नळ घेताना दोन मापे विचारा : पोहोच किती आणि बुडापासून धारेच्या तोंडापर्यंत उंची किती. ही दोन्ही मापे उत्पादकाच्या पत्रकातल्या रेखाचित्रात दिलेली असतात. दुकानदार म्हणेल की सगळ्यांना हेच बसते. तरीही ती मापे बेसिनच्या चित्रावर मांडून बघा. धार जाळीवर किंवा जाळीच्या किंचित मागे पडली पाहिजे. वाडग्यासारख्या बेसिनला धारेचे तोंड काठाच्या वर ४ ते ५ इंच पुरे. त्याहून उंच गेले की पाणी उडणारच.

आणखी एक गोष्ट ओट्याच्या उंचीची. बेसिनचा काठ जमिनीपासून ३२–३३ इंचांवर यावा असे धरले आणि बेसिन ५ इंचांचे असले तर खालचा ओटा २७–२८ इंचांचाच हवा. गवंडी सवयीने ३२ इंचांचा ओटा करतो, मग काठ ३७ इंचांवर जातो आणि तुमच्या आईला तोंड धुताना कोपरातून पाणी गळेल.

सोनचाफा

मी स्वयंपाकघराविषयीच लिहिते, कारण नळाशी सर्वांत जास्त वेळ तिथे जातो आणि निवड मात्र बहुधा सिंक न वापरणारी माणसे करतात.

तुमच्या आई सिंकमध्ये काय काय भरतात आणि काय काय धुतात ते आधी विचारा. पाच लिटरचा कुकर, पोळ्यांचा तवा, मोठे पातेले, आणि पाणी भरत असतील तर कळशी किंवा हंडा. समजा सिंक ९ इंच खोल आहे आणि हंडा १४ इंच उंच आहे. हंडा सिंकमध्ये ठेवला की ५ इंच वर डोकावतो. नळाचे तोंड सिंकच्या काठापासून १० इंच वर असेल तर मध्ये ५ इंच मोकळे राहतात आणि हंडा तिरका न करता आत-बाहेर होतो. तोंड ७ इंचांवर आले तर रोज दोन हातांनी हंडा वाकडा करून काढावा लागेल, आणि सांधे दुखणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

यासाठी भिंतीतून येणारा, मान फिरणारा सिंक कॉक सर्वांत सोयीचा. त्याचे कारण असे की ओट्यावर भोक पडत नाही, नळाच्या बुडाशी खरकटे पाणी साचत नाही आणि कडाप्पा मागच्या बाजूने पुसता येतो. ओट्यावर उभ्या नळाच्या बुडाभोवती महिन्याभरात जो चिकट काळा कडा धरतो तो दात घासायच्या जुन्या ब्रशाशिवाय निघत नाही. शिवाय त्याच्यामागे बोट जात नाही. भिंतीतल्या नळाची उंची मात्र टाइल लावण्याआधीच ठरवावी लागते, म्हणून सिंक आणि नळ दोन्ही घरात आणून, सिंक जागेवर नुसते ठेवून, त्यात हंडा ठेवून मग भिंतीवर खूण करा.

चावी पाव फेऱ्याची, लांब दांडीची घ्या. गोल, गुळगुळीत गोळा असलेली घेऊ नका. हात ओला आणि साबणाचा असतो. दांडी मनगटाने किंवा कोपरानेही ढकलता येते. आमच्या सासूबाईंकडे आम्ही हाच एक बदल केला आणि गळका नळ ही तक्रारच थांबली.

फडक्याविषयी : ते आमच्याकडेही होते. धार एकसंध खाली यावी, उडू नये आणि कचरा अडावा, अशी तीन कामे ते करते. एरेटर तेच करतो, फक्त तो काढून धुता येतो.

पाणक्या

सोनचाफा यांच्या मुद्द्याला जोडून. पाव फेऱ्याच्या नळात रबरी वायसर नसतो. सिरॅमिकच्या दोन तबकड्या एकमेकींवर सरकतात आणि भोकासमोर भोक आले की पाणी वाहते. त्यामुळे जोर लावून आवळावे लागत नाही आणि वायसर झिजून होणारी गळती होत नाही. मात्र या तबकड्यांना वाळूचा कण सोसत नाही. नवे पाईप टाकल्यावर नळ बसवण्याआधी पाईपांची तोंडे उघडी ठेवून पाणी दहा मिनिटे वाहू द्या. सिमेंटची कच, पाईप कापल्याचा भुसा, टेफ्लॉन टेपचे तुकडे, सगळे त्या वेळी बाहेर पडते. हे न करता नळ लावला तर आठवड्यात तबकडीवर चर पडतो आणि मग सगळे त्या नळाला नावे ठेवतात.

शहाबादी

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून न्हाणीघराबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते : मातीत बांधलेल्या भिंतीत डायव्हर्टर गाडू नका.

विटा-सिमेंटच्या भिंतीत पाईप झिरपला तर रंगाला पोपडे येतात आणि आपल्याला कळते. मातीच्या बांधकामात झिरपणारे पाणी आधी दरजांमधली माती नेते. भिंत बाहेरून कोरडी दिसते आणि आतून पोकळ होत जाते. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतले दगड सैल झालेले असतात. शिवाय डायव्हर्टरचे धड बसवायला खोल खाच पाडावी लागते आणि हातोड्याच्या धक्क्यांनी तुमची भिंत आणखी खिळखिळी होईल.

पाईप भिंतीबाहेरून, क्लॅम्पवर घ्या आणि उघडा वॉल मिक्सर लावा. त्याच्या दोन पायांतले अंतर ६ इंच, म्हणजे १५० मिलिमीटर असते आणि पाय किंचित वाकडे असल्यामुळे दोन-चार सूत इकडे-तिकडे झाले तरी फिरवून जुळतात. गरम डावीकडे, गार उजवीकडे. नळीचा हातशॉवर त्यावरच मिळतो. ०.२ बारवर मोठ्या थाळीपेक्षा तो बरा चालतो, कारण तो खाली धरता येतो. बसून अंघोळ करणाऱ्या माणसाला सोयही तीच.

बादलीसाठी वेगळा साधा बिब कॉक, म्हणजे भिंतीला लागणारा तोटीचा नळ ठेवा. त्याची उंची ठरवताना बादलीची उंची अधिक निदान ५–६ इंच असा विचार करा. १४ इंच उंच बादलीला २० इंचांवर नळ छान बसतो. ३० इंचांवर लावलेल्या नळाखाली बादली भरताना साऱ्या न्हाणीघराला अंघोळ होते.

शैलीबद्दल माझे मत : जुन्या घरात जुने दिसणारे नळ शोधण्याचा अट्टहास करू नये. कोरीव मोर आणि वेलबुट्टी असलेले, पुरातन म्हणून विकले जाणारे नळ वाईच्या घरात कधीच नव्हते. तिथे होती ती साधी, जाड, उघडी पितळी तोटी. तिचा साधेपणा हीच तिची शैली. गोल अंगाचा, सरळ रेषेचा, नक्षी नसलेला कोणताही नळ तुमच्या कडाप्प्याशेजारी शोभेल. चौकोनी धारदार कडांचा मात्र शोभणार नाही, आणि त्याच्या कोपऱ्यांत क्षारही जास्त बसतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी मापे घेतली. ओट्यावरच्या नळाला एक लिटर भरायला १४ सेकंद लागतात. परसातल्या नळाला, जो टाकीच्या जवळ आहे, ७ सेकंद. म्हणजे पाईप आतून भरले आहेत असे दिसते. न्हाणीघरातला पाईप कापून पाहिला तर आतली वाट करंगळी जेमतेम जाईल एवढीच उरली होती, बाकी सगळा तांबडा गंज. पाईप सगळे बदलायचे ठरले आणि डायव्हर्टर रद्द केला.

आता दोन प्रश्न. पहिला : आडाचे पाणी कठीण आहे, तुरडाळ शिजायला वेळ लागतो आणि हंड्याच्या आत पांढरा थर बसतो. हेच पाणी टाकीत चढवतो. अशा पाण्याला काळा नळ चालेल का? दुसरा : माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून येणार आहे. तो तिकडून पितळी रंगाचा, ओढून लांब होणारा किचनचा नळ आणतो म्हणतो. आणू द्यावा का?

दूरदेशी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते, कारण हेच मी माझ्या आईवडिलांसाठी केले होते आणि पस्तावले. मीही न्यू जर्सीतच राहते.

अमेरिकेतले किचनचे नळ नळाच्या मोठ्या दाबासाठी बनलेले असतात. तिथे मिनिटाला जास्तीत जास्त २.२ गॅलन, म्हणजे सुमारे ८.३ लिटर अशी मर्यादा आहे, आणि ती मोजली जाते चौरस इंचाला ६० पौंड दाबावर. तो होतो सुमारे ४.१ बार. तुमच्याकडे आहे ०.३. म्हणजे पाणी अडवण्यासाठी मुद्दाम अरुंद केलेली वाट तुम्ही मुळातच कमी दाबाच्या पाण्यासमोर ठेवणार. आमच्याकडे सोलापूरला त्या नळातून अक्षरशः दोऱ्यासारखी धार येत होती. आतला अडथळा काढला तरी काही फार फरक पडला नाही.

दुसरी अडचण जोडणीची. तिथल्या किचनच्या नळाला खाली ३/८ इंचाची जोडणी असते, भारतात भिंतीजवळच्या काटकोनी चावीला, म्हणजे अँगल कॉकला अर्ध्या इंचाची. जोडणारा तुकडा मिळाला तरी अर्ध्या इंचाच्या आट्यांत एक गोम आहे. दोन्हीकडे इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे हाताने दोन फेरे छान बसतात आणि आपण निर्धास्त होतो. पण आट्यांचा कोन भारतात ५५ अंशांचा आणि अमेरिकेत ६० अंशांचा असतो. पान्ह्याने आवळले की ते अडतात, आणि टेप गुंडाळून कसेबसे बसवले तर काही महिन्यांनी पाझरू लागतात. काडतूस बिघडले तेव्हा सुटा भाग मागवण्यासाठी पुन्हा कुणीतरी येण्याची वाट पाहावी लागली. चुलतभावाला दुसरे काहीही आणायला सांगा.

सह्यकडा

कठीण पाण्याचे सांगतो. आमचे घर बोअरच्या पाण्यावर आहे आणि मी काळा, क्रोम आणि पॉलिश न केलेल्या स्टीलच्या रंगाचा असे तिन्ही नळ एकाच घरात वापरले आहेत.

काळ्यावर थेंब वाळला की पांढरा ठिपका उठतो आणि तो दुरूनही दिसतो. रोज पुसला तर नळ देखणा राहतो, चार दिवस राहिला तर चुना लावल्यासारखा दिसतो. घासणीने घासला तर काळा थरच निघतो आणि मग दुरुस्ती नाही. तुमच्या आईवडिलांकडून रोज कोरड्या फडक्याने नळ पुसण्याची अपेक्षा करणार असाल तरच काळा घ्या. खरखरीत स्टील रंगावर डाग सर्वांत कमी दिसतात. क्रोमवर दिसतात, पण सहज निघतात आणि थर कडक असल्यामुळे वर्षानुवर्षे टिकतो.

क्षार काढायला लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून फडके भिजवा, पाच-दहा मिनिटे नळाला गुंडाळा, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. एरेटर काढून त्याच पाण्यात तासभर ठेवला की जाळी मोकळी होते. संडास धुण्याचे ॲसिड नळाजवळही नेऊ नका. बाई न्हाणीघराची फरशी त्या ॲसिडने धुते, शिंतोडे नळावर उडतात आणि क्रोमला बारीक खड्डे पडतात. नळ निकृष्ट निघाला असे आम्ही दोन वर्षे समजत होतो, दोष शिंतोड्यांचा होता.

निरांजन

कृष्णाकाठ यांना पितळ आवडते, तर त्याविषयी थोडे. बाजारातले बहुतेक पितळी दिसणारे नळ दोन प्रकारचे असतात. एकावर पारदर्शक लॅकरचा लेप असतो किंवा पितळी रंगाचा कडक थर दिलेला असतो. दुसरे म्हणजे खरे उघडे पितळ, जे हळूहळू मधासारखे आणि मग तपकिरी होत जाते. देवघरातल्या समईसारखे चिंच लावून ते लख्ख करता येते. हीच चिंच लेप असलेल्या नळाला लावली की लेप जागोजागी उडतो आणि नळाला कोड फुटल्यासारखे दिसते. त्यामुळे दुकानात नेमके विचारा आणि घरात सर्वांना, कामाला येणाऱ्या बाईंनाही, सांगून ठेवा.

खरे तर आतून बहुतेक चांगले नळ पितळेचेच असतात, क्रोम हा वरचा कपडा आहे. स्वस्त नळांत दांडी, आणि कधी धडसुद्धा, जस्ताच्या मिश्रधातूचे असते. ते हलके लागते आणि थराखाली फुगते. नळ हातात घेऊन वजन बघा. बिब कॉक आणि स्टॉप कॉकसाठी आयएस ७८१ हे भारतीय मानक आहे. त्याचे चिन्ह असलेला साधा नळ बिनचिन्हाच्या दिखाऊ नळापेक्षा केव्हाही बरा.

स्टीलच्या सिंकसाठी ३०४ प्रतीचेच स्टील घ्या. सोबत लोहचुंबक न्या, म्हणजे फसवणूक होणार नाही.

मोजपट्टी

निरांजन यांच्या शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवतो. लोहचुंबकाने ३०४ आणि २०२ ही स्टीलची स्वस्त प्रत यांतला फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक चिकटत नाही किंवा अगदी किंचित ओढतो. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये महाग निकेलचा बराच भाग काढून मँगेनीज घातलेले असते. मिठाच्या, आंबट पाण्यात २०२ लवकर डागाळते. ओळख पटवायची तर सिंकवर कोरलेली प्रत आणि बिलावर लिहिलेला आकडा, दोन्ही पाहावे. बिलावर ३०४ लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला तर उत्तर मिळालेच.

निरांजन

दुरुस्ती मान्य. मी इतकी वर्षे चुंबकच घेऊन जात होतो. धन्यवाद.

दर्यावर्दी

आम्ही मालवणचे. वाईला खारा वारा नाही, तरी किनाऱ्यावरचे कोणी हा धागा वाचत असेल म्हणून लिहितो. आमच्याकडे नळाआधी त्याचे स्क्रू जातात. टॉवेल रॉड, साबणाची जाळी, आरशाची क्लिप यांच्यासोबत खोक्यात येणारे स्क्रू बहुधा साध्या लोखंडाचे असतात. पहिल्याच पावसाळ्यात त्यांचा तांबडा ओघळ टाइलवर उतरतो. ते फेकून ३०४ स्टीलचे स्क्रू वेगळे घ्या. बाहेरच्या, झाडांच्या नळासाठी मी आता पीटीएमटीचे प्लास्टिक नळच लावतो. दिसायला ते साधे आहेत, पण गंजत नाहीत. तुमच्या परसातल्या आडाजवळच्या नळालाही ते चालतील.

सोनचाफा

पडवीतल्या बेसिनविषयी कोणी शेवटपर्यंत बोलले नाही, म्हणून पुन्हा येते. पडवीत येता-जाता हातपाय धुतले जातात, बाबा चूळ भरतात, पाहुणे जेवून हात धुतात. तिथे ओट्यावरचे वाडगे बेसिन मला योग्य वाटत नाही. त्याच्या बाहेरच्या कुशीत आणि ओट्यामध्ये जी फट राहते तिथे धूळ आणि पाणी बसते. त्याऐवजी भिंतीला लागणारे, ३५ मिलिमीटरचे एक भोक असलेले, पांढरे खोलगट बेसिन घ्या आणि त्याला साधा पिलर कॉक, म्हणजे त्या भोकात उभा बसणारा नळ लावा. बेसिन आणि नळ एकमेकांसाठीच बनलेले असल्याने पोहोचेचा प्रश्न येत नाही.

असे बेसिन खालून उघडे दिसते. म्हणून खालची जाळी, बॉटल ट्रॅप (सांडपाण्याचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग) आणि अँगल कॉक यांचा रंगही नळाशी जुळला पाहिजे. काळा नळ घेऊन खाली चकाकता ट्रॅप लावलेली पडवी मी पाहिली आहे. क्रोम घेतलात तर हे सगळे तालुक्याच्या गावीही मिळते आणि पाच वर्षांनी बदलायचे झाले तरी जोडी मिळते. सगळ्या घराला एक रंग असण्याची मात्र गरज नाही. एका खोलीत एक रंग, एवढे पाळले तरी पुष्कळ.

जाळी घेताना बेसिनच्या काठाखाली जादा पाणी जाण्याचे छोटे भोक आहे का ते पाहा. भोक असेल तर अर्ध्या आट्यांची, बाजूला खिडकी असलेली जाळी लागते, नसेल तर पूर्ण आट्यांची. उलट लावले तर पाणी खिडकीतून बाहेर पाझरते आणि दोष ट्रॅपवर जातो.

पाणक्या

एक राहिले. गरम पाण्याचा गीझर टाकीवर आणि गार पाणी थेट नगरपालिकेच्या लाइनवर, अशी जोडणी कोणत्याही मिक्सरला देऊ नका. ज्या वेळी लाइनला पाणी येते त्या वेळी तिचा दाब जास्त असतो आणि गार पाणी उलटे गरम पाईपात शिरते. दोन्ही पाणी एकाच टाकीतून घ्या.

कृष्णाकाठ

सात आठवड्यांनी लिहितो आहे. काम पूर्ण झाले.

टाकीपासून १ इंची पाईप भिंतीच्या बाहेरून आणला. स्वयंपाकघरात ९ इंच खोल, ३०४ चे सिंक आणि भिंतीतून येणारा, लांब दांडीचा सिंक कॉक लावला. आईने स्वतः हंडा सिंकमध्ये ठेवून भिंतीवर पेन्सिलीने खूण केली, ती काठापासून ११ इंचांवर आली. एक लिटर आता ५ सेकंदांत भरते. न्हाणीघरात उघडा वॉल मिक्सर, हातशॉवर आणि २० इंचांवर बादलीचा नळ आहे. पडवीत पांढरे बेसिन आणि क्रोमचा पिलर कॉक. बहिणीला सह्यकडा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा तिने काळ्याचा हट्ट सोडला. पितळ मी फक्त देवघराशेजारच्या छोट्या नळाला घेतले, उघडे पितळ, लेपाशिवायचे. जुन्या ओट्यावरचीच तोटी नवे आटे पाडून आणि नवा वायसर घालून तिथे बसवली. ती चार फेऱ्यांचीच आहे, पण सकाळी पूजेचा तांब्या भरण्यापुरती बाबाच वापरतात आणि त्यांची बोटे अजून चांगली आहेत.

नळ बसवण्याआधी पाईप उघडे सोडले तेव्हा बादलीच्या तळाला चांगली मूठभर वाळू जमली. प्लंबर म्हणत होता की नव्या पाईपात काही नसते. ती वाळू पाहून त्यानेच बाकीचे दोन पाईपही आपणहून धुऊन घेतले.

एक चूक झाली. पडवीतले बेसिन ३३ इंचांवर बसवले आणि नंतर लक्षात आले की बाबा तिथे स्टुलावर बसून दाढी करतात. त्यांना ते उंच होते. आता बेसिन खाली घ्यायचे तर ट्रॅपची जागा बदलावी लागेल, म्हणून तूर्त उंच स्टूल शोधतो आहे. सुताराकडे २२ इंचांचे सांगितले आहे.